एम.एस.डब्ल्यू. : खिदमतही आणि नोकरीही

“समाजसेवा करायला पदवी कशाला लागते?” पदवीनंतर काय करावे, हा विषय निघाला आणि आम्ही एम.एस.डब्ल्यू.चे नाव घेतले की मुंब्र्यात, राबोडीत, भिवंडीत किंवा कल्याणच्या दूधनाक्यावर हा प्रश्न ठरलेला असतो. विचारणाऱ्यांची चूक नाही. आपल्याकडे ‘समाजसेवक’ हा शब्द चौकातल्या फलकांनी फार स्वस्त करून टाकला आहे. ईदच्या शुभेच्छा देणारा प्रत्येक फोटो समाजसेवकाचाच असतो. त्यामुळे दोन वर्षे शिकून, परीक्षा देऊन, पगार घेऊन करायचे समाजकार्य नावाचे एक काम असते, हे अनेक घरांपर्यंत पोहोचतच नाही.

या महिन्यात त्याच पदवीची माहिती देत आहोत. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. अशी कोणतीही पदवी झालेल्या मुलामुलींना ही वाट खुली आहे. ती सोपी नाही, फार पैशाचीही नाही. पण ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि आसपासच्या आपल्या वस्त्यांना या शिक्षणाची माणसे रोज लागतात आणि ती आपल्यातून फार कमी निघतात.

सुरुवात नागपाड्यात झाली

भारतात समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षण देणारी पहिली संस्था १९३६ साली मुंबईत सुरू झाली. ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ हे तिचे नाव. पुढे १९४४ साली तिचे नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाले. आज लोक तिला ‘टिस’ म्हणून ओळखतात. ती आता देवनारला असली, तरी तिचे पहिले वर्ग भरले ते नागपाड्यात, नागपाडा नेबरहूड हाउसमध्ये. अमेरिकन मराठी मिशनच्या या केंद्राचे काम पाहणारे डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट हेच संस्थेचे पहिले संचालक होते. म्हणजे या देशात समाजकार्य शिकवायला प्रारंभ झाला तो आपल्याच मोहल्ल्यात, गिरणी आणि गोदीतल्या कामगारांच्या शेजारी. त्या मोहल्ल्यांतली किती तरी कुटुंबे नंतर मुंब्रा-कौसा आणि कल्याणकडे सरकली. ही विद्या मात्र आपल्याबरोबर सरकली नाही.

पगार घेऊन खिदमत कशी?

दुसरा आक्षेप घरातल्या मोठ्यांचा असतो. खिदमत ही अल्लाहच्या रजेसाठी करायची, तिचा पगार कसा घ्यायचा? हा प्रश्न मनापासूनचा आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे. सूरह तौबामध्ये जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत. फकीर आणि मिस्कीन यांच्यानंतर लगेच येतात ते जकातीच्या कामावर नेमलेले कर्मचारी. गरिबांसाठीच्या रकमेतूनच या कामाचा मोबदला द्यायला मुभा आहे. याचा अर्थ उघड आहे: मदत योग्य माणसापर्यंत पोहोचवणे हे पूर्णवेळचे, जबाबदारीचे काम आहे आणि ते करणाऱ्याच्या घरातही चूल पेटावी लागते.

हिल्फुल फुजूलची गोष्ट आपण मुलांना सांगतो. येमेनच्या एका व्यापाऱ्याचा माल घेऊन मक्केतल्या एका बड्या माणसाने पैसे दिले नाहीत, तेव्हा काही लोक एकत्र आले आणि अन्याय झालेल्याच्या पाठीशी उभे राहण्याचा करार त्यांनी केला. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) नबुव्वतीपूर्वी, तरुणपणी त्यात सामील होते. तिथे केवळ हळहळ नव्हती. नियम ठरले, जबाबदारी ठरली. समाजकार्याचे शिक्षण हीच शिस्त शिकवते.

कायद्याने मांडलेल्या खुर्च्या

एम.एस.डब्ल्यू. म्हटले की लोकांना फक्त स्वयंसेवी संस्था आठवतात. प्रत्यक्षात रुग्णालय, न्यायालय, पोलीस ठाणे, तुरुंग आणि कारखाना या ठिकाणी समाजकार्याच्या माणसासाठी कायद्याने किंवा शासनाच्या नियमांनी जागा ठेवलेल्या आहेत. एकेक पाहू.

मुले. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात बालकल्याण समिती असते: एक अध्यक्ष आणि चार सदस्य. कायद्याशी संघर्ष झालेल्या मुलांसाठी बाल न्याय मंडळ असते. त्यात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात, त्या दोघांपैकी किमान एक महिला असावी लागते. या जागांसाठी काही वर्षांचा अनुभव लागतो, पण त्यांच्या हाताखालची यंत्रणा म्हणजे जिल्हा बाल संरक्षण कक्ष. तिथे संरक्षण अधिकारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ता ही पदे असतात आणि नव्या पदवीधराला तिथून सुरुवात करता येते. कल्याण जंक्शनवर घरातून पळून आलेले मूल सापडले, तर २४ तासांच्या आत त्याला समितीपुढे न्यावे लागते. त्या मुलाशी पहिल्यांदा कोण बोलते, कोणत्या भाषेत बोलते, यावर पुढचे बरेच ठरते.

इथे एका योजनेचे नाव प्रत्येक वाचकाने लक्षात ठेवावे. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत आई किंवा वडील गमावलेल्या मुलाला, घरातच राहून शिकण्यासाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात. यतीमखान्यात पाठवण्याची वेळ त्यामुळे टळू शकते. पण मंजुरीआधी घरी जाऊन चौकशी होते, अहवाल लिहिला जातो आणि समिती आदेश देते. हा अहवाल लिहिणे हे समाजकार्याच्या माणसाचे काम आहे.

रुग्णालये. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’ हे पद असते. त्यासाठी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी मागतात. मुंब्रा-दिव्याचा रुग्ण कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात जातो, कल्याणचा रुक्मिणीबाई रुग्णालयात, डोंबिवलीचा शास्त्रीनगरला. पुढे शस्त्रक्रियेसाठी मुंबईला पाठवले की खरी धावपळ सुरू होते: महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत नाव बसते का, शिधापत्रिकेवरचे आणि आधारवरचे नाव जुळते का, ट्रस्टचा अर्ज कुठे मिळतो. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ एए खाली धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. या खाटांचे काम तिथला वैद्यकीय समाजसेवकच पाहतो. मशिदीबाहेर उपचारासाठी चादर पसरण्याआधी या टेबलापर्यंत माणूस पोहोचला, तर पुष्कळदा चादर पसरावीच लागत नाही. एच.आय.व्ही. समुपदेशन केंद्रे आणि अवयव प्रत्यारोपणाचे समन्वयक याही जागा याच शाखेतल्या.

मानसिक आरोग्य. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही डॉ. आनंद नाडकर्णी यांची संस्थाही १९९० साली ठाण्यातच सुरू झाली. या क्षेत्रात जायचे असेल तर एक गोष्ट आधीच समजून घ्या. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये ‘मनोविकार समाजकार्यकर्ता’ म्हणजे एम.एस.डब्ल्यू.नंतर त्याच विषयाचे दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. केलेली व्यक्ती, अशी व्याख्या आहे. बंगळुरूचे ‘निम्हान्स’ हे या शिक्षणाचे मोठे केंद्र. नव्या शैक्षणिक धोरणानंतर एम.फिल.च्या रचनेत बदल होत आहेत, म्हणून त्या-त्या वर्षीचे माहितीपत्रक पाहूनच ठरवावे. आपल्या घरांत ‘असर झाला’ म्हणून वर्षे निघून जातात आणि डॉक्टरकडे उशिरा नेले जाते. इलाज आणि दुआ यांत भांडण नाही, हे आपल्याच भाषेत समजावणारी मुलगी त्या विभागात असेल तर घरचे लवकर ऐकतात.

महिला आणि कुटुंब. कौटुंबिक न्यायालये १९८४ च्या कायद्याने आली. त्या कायद्यातच समुपदेशकांची तरतूद आहे आणि महाराष्ट्रात विवाह समुपदेशकाच्या पदासाठी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी व कौटुंबिक समुपदेशनाचा अनुभव मागितला जातो. ठाण्यात असे न्यायालय आहे. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात. ‘सखी’ वन स्टॉप सेंटर ही केंद्राची योजना २०१५ पासून सुरू आहे. त्याआधी, १९८४ साली, मुंबई पोलीस आणि टिस यांनी मिळून महिला व मुलांसाठी ‘विशेष कक्ष’ सुरू केला. पोलीस आवारात बसून समाजकार्याची पदवीधर महिला तक्रार ऐकते, ही कल्पना पुढे राज्य शासनाने स्वीकारली आणि ती अनेक जिल्ह्यांत गेली. मेहर, इद्दत, खुला, मुबारात हे शब्द ज्या समुपदेशकाला दुसऱ्याला विचारावे लागत नाहीत, तिच्यापुढे बसलेल्या आपल्या बहिणीचा किती वेळ आणि किती संकोच वाचतो, याचा विचार करावा.

तुरुंग. ठाण्यात मध्यवर्ती कारागृह आहे, कल्याणला आधारवाडीत जिल्हा कारागृह. खटला सुरू व्हायचा आहे, जामीन मंजूर आहे, पण जामीनदार नाही म्हणून आत बसलेली मुले प्रत्येक वस्तीला माहीत असतात. कोठडीतल्या प्रत्येकाला १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ मध्ये, पहिल्यांदाच आरोप झालेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ काढला असेल तर त्याला जामिनावर सोडण्याची तरतूद आहे. मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले असलेल्यांना ती लागू नाही. हे कैद्याला कळवणे, घरच्यांना शोधणे, कागद जमवणे हे काम टिसचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून करत आहे. परिविक्षा अधिकारी हे शासकीय पदही १९५८ च्या परिविक्षा कायद्यापासून याच क्षेत्रात आहे.

कारखाने आणि कंपन्या. १९४८ च्या कारखाना कायद्यात ५०० कामगारांमागे कल्याण अधिकारी नेमण्याची सक्ती होती. २०२० च्या नव्या कामगार संहितेत ही संख्या २५० वर आणली आहे. डोंबिवली एम.आय.डी.सी.तले बहुतेक रासायनिक कारखाने यापेक्षा लहान. तिथे या जागा थोड्या आहेत, पण मे २०१६ आणि मे २०२४ चे स्फोट आठवले की कामगारांसाठी बोलणाऱ्या माणसाची गरज मात्र तिथेच किती आहे ते दिसते. दुसरीकडे, २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा असलेल्या कंपनीला नफ्यातले २ टक्के समाजासाठी खर्च करावे लागतात. तो पैसा कुठे आणि कसा जावा हे पाहणाऱ्या विभागात एम.एस.डब्ल्यू. झालेल्यांना घेतात. पगाराच्या दृष्टीने ही या शाखेतली बरी वाट आहे.

वस्ती. महानगरपालिकांत समाजविकास अधिकारी, समूह संघटक अशी पदे निघतात. स्वयंसेवी संस्थांचे काम तर आहेच. मुंब्र्यात ‘परचम’ने २०१२ पासून मुलींना फुटबॉल खेळायला मैदानात उतरवले. मैदान मिळावे म्हणून सह्या जमवण्यापासून ते पालकांना राजी करण्यापर्यंतचे सगळे काम वस्ती-संघटनाचेच होते. वर्गात ज्याला ‘समुदाय संघटन’ म्हणतात, ते असे दिसते.

आपल्या मुलामुलींजवळ असलेली एक गोष्ट

आता मुद्द्याचे सांगतो. या सगळ्या खुर्च्यांचा कारभार मराठीत चालतो. अर्ज मराठी, आदेश मराठी, अहवाल मराठी. आणि टेबलासमोर बसलेली मुंब्र्याची किंवा भिवंडीची बाई आपले दुःख उर्दू-हिंदीत सांगते. मधे कोणी तरी ऐकून लिहिणारा असतो आणि त्या लिहिण्यात पुष्कळ काही गळून जाते. “शोहर खर्चा नहीं देता” या वाक्यामागची पाच वर्षे एका ओळीत मावतात.

हे मासिक ज्या घरांत वाचले जाते, त्या घरांत दोन्ही भाषा आहेत. मुलगी शाळेत मराठीत निबंध लिहिते आणि खालासोबत उर्दूत बोलते. कोकणी घरांत तर मराठी आणि कोकणी मुळातच जवळच्या. ही गोष्ट आपल्याला इतकी रोजची आहे की तिची किंमत कळत नाही. गृहचौकशीला गेल्यावर दार उघडणारी आजी कोणाला आत घेते आणि तिचे म्हणणे बिनचूक मराठीत कोण उतरवते, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर आपल्या घरातली पदवीधर मुले होऊ शकतात. त्यासाठी मराठी ‘येते’ एवढे पुरत नाही. अहवालाची, कायद्याची मराठी सरावाने कमवावी लागते. आणि हे काम फक्त आपल्या समाजापुरते नाही, हेही लक्षात ठेवावे. सरकारी टेबलावर बसलेल्याने डोंबिवलीच्या विधवेला आणि मुंब्र्याच्या विधवेला एकाच मापाने मोजायचे असते.

कुठे शिकावे, कधी अर्ज करावा

अभ्यासक्रम सर्वसाधारणपणे दोन वर्षांचा, चार सत्रांचा. आठवड्यातले काही दिवस वर्ग आणि साधारण दोन दिवस क्षेत्रकार्य, म्हणजे एखाद्या रुग्णालयात, वस्तीत किंवा संस्थेत प्रत्यक्ष काम. मुंबईत टिस (देवनार) आणि १९५५ साली स्थापन झालेले निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालय (चर्चगेटजवळ) ही दोन जुनी नावे. पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था आहे. मुंब्रा किंवा कल्याणहून टिसला जाताना कुर्ल्याला उतरून हार्बरने गोवंडी गाठता येते. घरून जाऊन-येऊन शिकणे शक्य आहे, पण क्षेत्रकार्याच्या दिवशी उशीर होतो, ही गोष्ट घरात आधीच बोलून ठेवावी. नोकरी किंवा संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठी इग्नूचा दूरस्थ एम.एस.डब्ल्यू. आहे. त्यातही क्षेत्रकार्य चुकत नाही.

वेळेचे भान ठेवा. टिसचा प्रवेश अलीकडच्या वर्षांत सीयूईटी-पीजी या राष्ट्रीय परीक्षेतून होतो. तिचे अर्ज हिवाळ्यात निघतात आणि परीक्षा मार्चच्या सुमारास होते. आपली मुले जूनमध्ये निकाल हातात घेऊन चौकशीला निघतात, तोपर्यंत दार बंद झालेले असते. शेवटच्या वर्षात असतानाच, डिसेंबरपासून लक्ष ठेवावे.

फीसाठी राज्याची अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती महाडीबीटी संकेतस्थळावर पाहावी. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाचीही चौकशी करावी. मोमीन आणि इतर काही मुस्लिम जमाती राज्याच्या इतर मागासवर्ग यादीत आहेत. त्यांनी जातीचा दाखला पदवीच्या पहिल्या वर्षातच काढून ठेवावा. आणि वस्तीतल्या बैतुलमालांना आमचे सांगणे आहे की डॉक्टर-इंजिनियरच्या फीसोबत दरवर्षी एका एम.एस.डब्ल्यू.च्या गरजू विद्यार्थ्याचाही विचार व्हावा. एक मुलगी शिकली, तर ती बैतुलमालच्या दारावरची गर्दी सरकारी योजनांकडे नेईल. तो हिशेबही फायद्याचाच आहे.

आता कडू भाग

पहिली गोष्ट, सुरुवातीचा पगार कमी असतो. दुसरी, यातली बरीच पदे कंत्राटी किंवा मानधनावरची आहेत. अकरा महिन्यांचा करार, मग पुन्हा करार. तिसरी, प्रकल्प संपला की नोकरी संपते. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन १९९६ साली टिसमधल्या एका प्रयोगातून मुंबईत सुरू झाली आणि देशभर पोहोचली. २०२३ मध्ये ती स्वयंसेवी संस्थांकडून शासनाच्या जिल्हा यंत्रणेकडे गेली, तेव्हा संस्थांतल्या अनेक कार्यकर्त्यांना दुसरे काम शोधावे लागले. परदेशी निधीचे नियमही २०२० नंतर कडक झाले. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि संस्थांच्या कार्यालयातल्या पगारांवर ताण आला. चौथी, वकील किंवा परिचारिकांसारखी समाजकार्यकर्त्यांची राष्ट्रीय परिषद आपल्या देशात नाही. त्यामुळे या व्यवसायाला कायद्याचे कुंपण नाही.

म्हणून नोकरी स्वीकारताना पाच गोष्टी विचाराव्यात. करार किती महिन्यांचा? पगाराचा निधी कुठून येतो आणि तो कधीपर्यंत मंजूर आहे? भविष्य निर्वाह निधी कापला जातो का? वस्तीत फिरण्याचा प्रवासखर्च वेगळा मिळतो का? आणि लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती संस्थेत आहे का? दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक संस्थेला २०१३ च्या कायद्याने ती बंधनकारक आहे. मुलीच्या सुरक्षेची काळजी वाटणाऱ्या पालकांनी मुलीला अडवण्याऐवजी हा शेवटचा प्रश्न संस्थेला विचारावा.

शासकीय पदांसाठी दोन-तीन वर्षांचा अनुभव आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास सोबत चालू ठेवावा. संस्थेतली पहिली नोकरी अनुभवासाठी, पण नजर जाहिरातींवर, अशी दुहेरी चाल ठेवणारे टिकतात.

कोणी जावे, कोणी जाऊ नये

ज्याला ऐकून घेता येते, कागदपत्रांचा कंटाळा येत नाही आणि ‘नाही’ ऐकूनही दुसऱ्या दिवशी त्याच कार्यालयात जाता येते, त्याने जावे. बारावीला गुण कमी पडले, दुसरीकडे प्रवेश नाही, म्हणून येणाऱ्याने येऊ नये. लोकांची दुःखे ऐकण्याचे काम मन लावल्याशिवाय होत नाही, आणि मन लावले की ते थकवते.

निर्णय घेण्यापूर्वी एक करून पाहा. सुट्टीचा एक महिना जवळच्या एखाद्या रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात किंवा वस्तीतल्या एखाद्या संस्थेत स्वयंसेवक म्हणून घालवा. महिन्याच्या शेवटी आपल्या मुलीच्या किंवा मुलाच्या हातून एका घराची अडचण कागदावर नीट मांडली गेली आणि त्या कागदाने त्या घराचे काही काम झाले, तर तुम्हाला उत्तर मिळाले असे समजा. पुढचा अर्ज डिसेंबरात भरा. अल्लाह तआला आपल्या मुलांच्या इल्मला लोकांच्या उपयोगी पडण्याची तौफीक देवो. आमीन.